तिसरी मोजणी

समजा, तुम्हाला फक्त आठपर्यंत मोजायचं आहे. समोर एक मुलगी बॉक्सिंगच्या रिंगमध्ये गुडघ्यावर बसली आहे. तिच्या तोंडासमोर बोटं धरायची, सेकंदाला एक आकडा म्हणायचा आणि तेवढ्यात ओळखायचं, की ती तुमच्याकडे बघतेय की तुमच्या आरपार.

जबलपूरजवळच्या पनागरच्या एका शाळेत खेळ शिकवणाऱ्या विनताताई अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी हे पंचाचं काम करत आल्या आहेत. मागच्या वर्षी एक मुलगी ठोसा बसून पडली, ती घसरली असं समजून त्यांनी सामना चालू ठेवला. नंतर कपडे बदलताना, सामना संपलेला असूनही, ती पोरगी तीनदा विचारत राहिली, "दीदी, मेरी बारी कब है?" दोन दिवसांनी ती बरी झाली. विनताताईंच्या तळहातांना मात्र अजून रिंगच्या पायऱ्या चढतानाच घाम सुटतो.

त्या रविवारी जबलपुरात प्रणोती आणि नेहाचा सामना होता. जिंकेल ती राज्याच्या निवडीला जाणार होती. दोन फेऱ्या प्रणोतीने सहज घेतल्या. तिसरीत नेहाच्या ठोशांनी ती दोनदा खाली गेली, दोन्ही वेळा आठच्या आत उठली. नियम साधा होता: एका फेरीत तीन मोजण्या झाल्या की सामना तिथेच बंद, गुण कितीही असोत. ठोशाने गुडघा टेकला तर मोजणी, पाय घसरून टेकला तर नाही.

वीस सेकंद उरले होते. नेहाचा हात फिरला, प्रणोतीचा पाय सरकला आणि गुडघा टेकला. दोन्ही एकदमच.

"फिसली है, मैडम!" प्रणोतीचा कोच बळीराम ओरडला. "कोने में पानी है!"

विनताताईंना पाणी दिसलं नाही. त्यांना फक्त प्रणोतीचे डोळे दिसत होते, आणि ते क्षणभर कुठेच बघत नव्हते. "एक," त्या म्हणाल्या. एकदा एक म्हटल्यावर मागे फिरता येत नाही. आठला त्यांनी दोन्ही हात हलवून सामना थांबवला.

"काहून थांबवलं, मॅडम?" प्रणोती तोपर्यंत उभी होती. "मी घसरली होती."

"कितवी फेरी चालू आहे?"

"तिसरी. आणि मी जिंकून राहिली होती."

उत्तर स्वच्छ होतं. विनताताईंनी पुन्हा तिच्या डोळ्यांत बघितलं; ते आता थेट त्यांच्याकडेच बघत होते.

बळीरामने प्रणोतीचं हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "चल, पाणी पी."

विजेती म्हणून नेहाचा हात वर करून झाल्यावर विनताताई त्या कोपऱ्याकडे धावल्या. तिथे सफाईवाला नथ्थू पोछा मारून उठत होता. कोपरा चकाकत होता.

"नथ्थू भैया, तुम्हारे पोंछने से पहले यहाँ पानी था क्या?"

नथ्थूने पोछ्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. "अब क्या बताएँ, मैडम. पोछा तो गीला ही था न."

विनताताईंनी वाकून बोट टेकवलं. बोट ओलं झालं. महिना झाला, शाळेत हजेरी घेताना आठवा आकडा आला की त्या अजून थबकतात. ते पाणी आधीचं होतं, की पोछ्याचं?