चुकवलेला मंगळवार

चौदाव्या वर्षी मी वर्गातल्या एका मुलीच्या हातात कर्कटक खुपसलं. तिनं माझी वही ओढली होती, एवढंच. मारामाऱ्या आधीही झाल्या होत्या, पण रक्त पहिल्यांदाच आलं. शाळेनं आई-बाबांना बोलावून सांगितलं, हिला समुपदेशनाला न्या, नाहीतर दाखला घ्या.

परळच्या एका हॉस्पिटलात दर मंगळवारी दुपारची वेळ मिळाली. समुपदेशक बाई गिरगावातल्या ख्रिश्चन, पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांना काय ऐकायचंय ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं. राग आला की खोल श्वास घेते, नंतर वाईट वाटतं, असं सांगायचे. त्या लिहून घ्यायच्या. आई मावशीला फोनवर सांगायची, पोरगी निवळली.

पाचव्या मंगळवारी मी गेलेच नाही. आई कामावर होती, मला एकटीला पाठवलं होतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून नेटमधली प्रॅक्टिस बघितली आणि वेळेवर लालबागला घरी आले.

धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. तो गॅलरीत स्टुलावर चढून दोरीवरचे कपडे काढत होता. आमचा चौथा मजला. स्टुलावर उभं राहिलं की कठडा त्याच्या गुडघ्याशी यायचा. मागे न बघता तो म्हणाला, "आज तू गेली नाहीस ना? बाईंचा फोन आलेला."

चिडवत नव्हता तो. पुढचं मला आठवतं ते असं, की स्टूल माझ्या हातात होतं आणि भाऊ खाली पडला होता. आतल्या बाजूला. डावा हात भलताच वळलेला. तो आत पडावा असं मी ठरवलं नव्हतं. काहीच ठरवलं नव्हतं.

आई आली तेव्हा तो म्हणाला, "माझा पाय सरकला." तिनं विश्वास ठेवला. प्लास्टर घालताना तो माझ्याकडे बघत होता. कुत्रा बांधलेला आहे की मोकळा, हे बघतात तसा.

तो आठवडा मला कुणी काही बोललं नाही. मी खोलीत आले की भाऊ उठून आईजवळ जाऊन बसायचा. तो गॅलरीकडे गेला की मी माझे हात दप्तराखाली दाबून धरायचे.

पुढच्या मंगळवारी मी वेळेआधी पोचले आणि बाईंना सगळं सांगितलं. "त्याचं बोलणं आणि माझं स्टूल ओढणं, यांच्या मधे काहीच नव्हतं," मी म्हणाले. "थांबायला जागाच नव्हती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "इतके दिवस तू जे सांगत होतीस, त्याचं मला काही करता येत नव्हतं. याचं येईल. वेळ लागेल. आणि आईला आजच सांगायला लागेल."

आईला फोन करून बोलावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. रडली नाही. घरी बोलते तशा मालवणीत तिनं एकच विचारलं, "तो भायर पडलो असतो तर?"



त्याच आठवड्यात बाबांनी गॅलरीला ग्रिल बसवली. मी दोन वर्षं जात राहिले. मधे दोनदा सोडलं, स्वतःहून परत गेले. हात हळूहळू ऐकायला लागले. सगळ्या वेळी नाही. भाऊ आता कॉलेजात आहे, माझ्याशी हसून बोलतो. मात्र बोलता बोलता सरकत जाऊन पाठ भिंतीला टेकवतो. आपण असं करतो हे त्याला माहीत नसावं. मी अजून त्याला ते सांगितलेलं नाही.