नवरोबांचा नवा परवाना

गल्लीतले लोक नवरोबांना परवानेसाहेब म्हणत, आणि तो मानाचा किताब समजून ते छाती काढून चालत. कारागिरांनी परवाने घ्यावेत म्हणून सरकार शिकवणीचा आणि परीक्षेचा खर्च देऊ लागलं, तेव्हापासून दरवर्षी एक परवाना काढायचा त्यांनी सपाटाच लावला. वायरिंग झालं, नळजोडणी झाली, लिफ्टची देखभाल झाली. घरातला नळ ठिबकत होता तो होताच. परीक्षा नुसती लेखी, आणि घोकंपट्टीत त्यांचा हात धरणारा कोण होता?

घर चालायचं बायकोच्या कात्रीवर. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा आणि सकाळपासून बायकांची रांग. यंदा फर्मान निघालं, केस कापायलाही परवाना हवा, नाहीतर दुकानाला टाळं. शिकवणीची फी ऐकूनच तिचे डोळे पांढरे झाले. सरकारी मदत तर एका घराला वर्षातून एकदाच.

"यंदाची मदत माझ्यासाठी राहू द्या. एवढं एक ऐका," ती म्हणाली.

"अगं, मी आहे ना."

ते होते, हाच तर तिला घोर होता.

महिन्याभराने नवरोबा परवाना घेऊन आले. केस कापायचाच होता, पण त्यांच्या नावाचा. "तुला अभ्यासाचा ताप नको, म्हणून मीच परीक्षा दिली. घर एकच ना आपलं?" असं म्हणत ते भिंतीवर खिळा शोधू लागले. तिला रडावं की हसावं कळेना.

तपासनीस आला तेव्हा तिच्या खुर्चीत शाळेतल्या बाई बसल्या होत्या, निम्मे केस कापून झालेले. त्याने परवाना वाचला.

"कात्री यांच्याकडे द्या, ताई. परवाना यांचा, कापणारही हेच. तुम्ही झाडलोट करा हवी तर."

नवरोबांनी कात्री धरली आणि धडा पहिला, हातांची स्वच्छता, घडाघडा म्हणायला सुरुवात केली. शाळेतल्या बाईंनी गळ्याचं कापड काढलं आणि अर्धवट केसांनिशी घर गाठलं. सगळं नियमाप्रमाणे असल्याचा शेरा मारून तपासनीसही गेला.

"पुढच्या वर्षी नक्की तुझाच नंबर," नवरोबा म्हणाले.

"तोवर खायचं काय, ते आहे का तुमच्या पुस्तकात?"

नवरोबा खरंच पुस्तक चाळायला लागले. तिने जमिनीवरचे केस झाडून घेतले, बाहेर थांबलेल्या बायकांना परत पाठवलं आणि पुढच्या खोलीचं दार स्वतःच्या हाताने लावलं.