लहान एम की मोठा एम: नाशिकहून बोईसरला

नाशिकहून जव्हारमार्गे बोईसरला कसं जायचं, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. मी गेले त्याला पस्तीसेक वर्षं झाली, तेव्हा माझ्या भरवशावर गाडी बाहेर काढू नका. रस्ता मात्र तोच आहे. आणि मी का गेले हे सांगितल्याशिवाय मला तो सांगता येत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी घरी टायपिंगची कामं घ्यायचे. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचे भाऊ, मोहिते, बोईसरच्या कारखान्यात इंजिनीअर होते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते. बहिणीमार्फत त्यांचा प्रबंध माझ्याकडे आला. विषय, विजेवर चालणारं रॉकेट इंजिन. माणसांना मंगळापर्यंत लवकर कसं पोचवता येईल, त्याचा अभ्यास. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टायपिंगला कळावं लागत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

इंजिनाचा जोर मोजायच्या एककात त्यांनी सगळीकडे लहान एम काढला होता. रॉकेट म्हटल्यावर जोर दणदणीतच असणार, अक्षर घाईत बारीक आलं असेल, असं समजून मी सगळीकडे मोठा एम टाइप केला. पाचव्या प्रकरणात एक वाक्य आलं: हा जोर साधारण एका पोस्टकार्डाच्या वजनाइतका आहे. माझे हात थांबले. पोस्टकार्डाच्या वजनाने माणसं मंगळावर जाणार? एक तर हे वाक्य चुकलं होतं, नाहीतर माझे सगळे तक्ते. प्रबंध सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता. ट्रंक कॉल दोन दिवस लागला नाही. शुक्रवारी सकाळी कागद पिशवीत घातले, यांना सांगितलं आणि एसटी स्टँड गाठलं.

त्र्यंबक सोडलं की घाट लागतो, मग मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर. वळणं इतकी की पोट नाजूक असणाऱ्याने उपाशी बसू नये आणि फार जेवूनही बसू नये. जव्हारला गाडी थांबली, तिथे मी गरम भजी खाल्ली आणि विक्रमगडपर्यंत पस्तावले. शेजारी एक बाई बसली होती, डोंगरातल्या पाड्यावरची. भात निघाल्यावर सगळं कुटुंब वसईकडे कामाला जायचं, त्यांच्यामागून ती निघाली होती.

"येवढा कागद कशाचा हाय?" तिने विचारलं.

"अंतराळात जायच्या यंत्राचा."

तिने पिशवी बोटाने चाचपली. "तितं काम भेटतं काय?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

पालघरला उतरून दुसरी गाडी धरली आणि दुपारी बोईसरला पोचले. स्टेशनाबाहेर नाक्यावर मराठीपेक्षा हिंदीच जास्त कानावर पडत होतं आणि हवेत औषधाच्या दुकानासारखा वास होता. शुक्रवार म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीची सुट्टी, तेव्हा मोहिते घरी सापडतील असा माझा हिशेब. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. शैलाताई मूळच्या साताऱ्याकडच्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "ते मुरब्यात बसलेत खाडीवर. सुट्टी असली की तिथंच. चला, मीच येते."

मुरबे हे कोळ्यांचं गाव. बोईसरहून एसटी जाते, पण परतीची वेळ कंडक्टरला विचारूनच उतरा. भरती आली होती. सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांपलीकडे एका उलट्या टोपलीवर मोहिते बसले होते. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. मी नमस्कारही न करता विचारलं, "लहान एम की मोठा?"

"लहान," ते म्हणाले. "मिलिन्यूटन. का?"

मी कागद पुढे केले. दोन पानं बघून त्यांनी चष्मा काढला. "देवरेबाई, मोठा एम म्हणजे मेगान्यूटन. तुम्ही माझ्या इंजिनाचा जोर शंभर कोटी पट केलात."

ते रागावले नव्हते. मला वाटतं, हसू दाबत होते. मी म्हटलं, पण पोस्टकार्डाच्या वजनाने काय हलणार? त्यांनी सांगायला सुरुवात केली. साधं रॉकेट इंधन जाळून काही मिनिटं जोरात ढकलतं आणि गप्प होतं. हे यंत्र वायूचे कण विजेने भयंकर वेगाने मागे फेकतं. धक्का नाममात्र, पण इंधन फार थोडं लागतं, म्हणून महिनोन् महिने चालू राहतं. अंतराळात अडवायला हवा नाही, म्हणून वेग साठत जातो.

"साठतो म्हणजे?"

त्यांनी पाण्यात बांधलेल्या एका होडीकडे बोट केलं. "ढकला तिला. झटका देऊ नका, नुसता हात टेकून जोर लावत राहा."

मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. होडी घराएवढी वाटत होती. हात टेकला, काहीच झालं नाही. मी वळून त्यांच्याकडे बघितलं आणि तेवढ्यात हाताखालचं लाकूड पुढे सरकलं. मग आणखी सरकलं. मी चालू लागले. दोर ताणला गेला तरी होडीचं तोंड फिरून शेजारच्या होडीवर आदळलं.

"ए बाय," काठावर जाळं विणणारी एक म्हातारी ओरडली, "ढकलली तर ढकलली, आता थांबवील कोन? मी नाय येत पान्यात."

"हेच," मोहिते म्हणाले. "थांबायचं असेल तर अर्ध्या वाटेपासून उलटं ढकलावं लागतं."

मी ओली होऊन बाहेर आले. क्षणभर कळल्यासारखं वाटलं, पण पुढच्या प्रश्नात ते गेलं. माणसं न्यायला अशी इंजिनं किती? पुष्कळ, आणि मोठी. वीज कुठून? त्यांनी उत्तरेला तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे हात केला. "असं काहीतरी लहान करून सोबत न्यायचं."

"मग त्याचं वजन?"

"तिथंच अडलंय," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही दुरुस्तीला बसलो. दाढीच्या पात्याने मोठा एम खरवडायचा, काळ्या शाईने लहान काढायचा. मूळ प्रत आणि तीन कार्बन प्रती. मोहिते शाई संपली म्हणून आणायला गेले, तेव्हा शैलाताईंनी पातं खाली ठेवलं.

"ताई, वापीच्या कारखान्याने यांना वरची जागा देऊ केलीय. पण पुढच्याच आठवड्यात हजर व्हायचं. तिथं गेले की परीक्षकांच्या दुरुस्त्या, तोंडी परीक्षा, सगळं सुटलं. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. हे म्हणतात, तू ठरव." त्यांनी समोरच्या कागदांकडे बोट केलं. "यांच्यानंतर हे सगळं वाचलेलं माणूस म्हणजे तुम्हीच. यात काही आहे का?"

शंभर कोटी पटींची चूक करणारी बाई मी. हो म्हणणं खोटं झालं असतं, नाही म्हणणंही.

"विषय मला कळला नाही," मी म्हटलं. "पण जिथं आकडा वाईट आला, तिथं त्यांनी वाईटच लिहिलाय. यंत्र बंद पडलं, तेही लिहिलंय. मी पुष्कळांचे प्रबंध टाइप करते. सगळे तसं लिहीत नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खरवडायला घेतलं. मोहिते आले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं पूर्ण करा."

शनिवारी सकाळच्या गाडीने मी परत निघाले. घाटात ऊन होतं. त्यानंतर मी अर्थ विचारल्याशिवाय एकही पान टाइप केलं नाही. काही गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली.

वर्षाने शैलाताईंचं पत्र आलं. पदवी मिळाली होती. वापीची जागा दुसऱ्याला गेली. मोहिते त्याच कारखान्यात, त्याच पगारावर. शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही त्या दिवशी सांगितलंत म्हणून." वाक्य तिथंच संपलं होतं, पुढे नाव.

आता अशी इंजिनं उपग्रह ढकलतात, असं मी वाचते. माणसं अजून त्यांच्यावर बसून कुठे गेलेली नाहीत. आणि शैलाताईंचं ते वाक्य आभाराचं होतं की तक्रारीचं, हे विचारायला मी पुन्हा बोईसरला गेले नाही. जायला हवं होतं.