ड्रमची किल्ली

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात लातूरला आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा, आणि मी अंदमानला सायकल सहलीला गेलो. घरी म्हातारे वडील एकटे. शेजारीण पाणी नेईल म्हणून मी अंगणातल्या ड्रमला कुलूप घालायचो. निघतानाही सवयीनं घातलं.

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठी आमचा गाईड पाइप लावून सगळ्यांच्या सायकली धूत होता. खिशात हात घातला, तर ड्रमची किल्ली.

लगेच फोन केला. वडील म्हणाले, "शेजारची बाई देतीय तांब्याभर. तू फिर निवांत."

कुलूप तोडा, एवढंच सांगायचं होतं. पण ड्रम उघडा राहिला तर गल्ली पाणी नेईल, असं मनात आलं. बोललो नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढचे चार दिवस सगळ्यांबरोबर सायकल चालवली, शहाळी प्यालो.

परतलो तेव्हा वडील दवाखान्यात होते. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी म्हणून ते घोटघोटच प्यायले होते. तिथंच गेले.

त्यांना शेवटची आंघोळ घालायला मी ड्रम उघडला. तो काठोकाठ भरलेला होता. शेजारीण घागर घेऊन आली.

"पुरंल का, भाऊ? माझ्याकडं हाय अजून."