पुष्पवृष्टीसाठी पाव लिटर तेल

वाईहून निघालो तेव्हा गाडीच्या टपावर पंख्याची जाळी, मागच्या सीटवर इंजिन आणि पुढे माझा नवरा मिलिंद असा ऐवज होता. त्यातल्या दोन वस्तू माझं ऐकतात.

मी पॅरामोटर उडवते. पाठीवर इंजिन, इंजिनाला पंखा आणि डोक्यावर कापडी पंख. एवढ्या सामानावर माणूस उडतो, हे बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बंडूभाऊंना मात्र न बघताच पटलं होतं. त्यांचे नेते, ज्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात, त्यांच्या वाढदिवसाला बोरी अरबजवळ शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) होता आणि साहेबांवर आकाशातून फुलं पडायला हवी होती. “मॅडम, मागच्या वर्षी दिग्रसवाल्यांनी जेसीबीतून फुलं टाकली,” ते फोनवर म्हणाले. “आमाले त्याच्या वर जायाचं हाय.” परवानगीचे कागद त्यांनीच काढून ठेवले होते.

मेहकर, कारंजा करत दारव्ह्याला पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली. भरलेल्या गाड्या गेलेल्या वाटेवरच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. तूर पिवळ्या फुलावर आली होती आणि लांबवर सागाच्या टेकड्या होत्या. मी खूश होते. दारव्ह्यात चहाला थांबलो, मी डिकी उघडली आणि चिवड्याच्या पिशवीतून तेल ठिबकताना दिसलं.

इथे थोडं सांगायला हवं. माझं इंजिन टू-स्ट्रोक, आकाराने लहान आणि स्वभावाने तापट. मोटारीच्या इंजिनात तेल वेगळं भरतात, तसं याचं नसतं. पेट्रोलात जे तेल मिसळाल त्याच्यावरच पिस्टन घसरत राहतो. तेल हलकं निघालं किंवा पेट्रोल बिघडलेलं असलं, तर तापून पिस्टन सिलिंडरला चिकटतो. तसं इंजिन बंद पडल्यावर पंखावर तरंगत उतरता येतं, पण खाली मोकळं रान लागतं. बंडूभाऊंनी ठरवलेल्या वाटेत मंडप होता, विजेच्या तारा होत्या आणि सगळ्या तालुक्याची डोकी होती.

म्हणून मी उंची सिंथेटिक तेल घरून आणलं होतं. मिलिंद सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठलं तेल किती अंशांवर जळतं, हे त्याला तोंडपाठ आहे आणि सबंध प्रवासभर मी ते ऐकलं होतं. बाटलीचं झाकण घट्ट लावणं तेवढं त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

“चिवडा गेला,” तो म्हणाला.

बंडूभाऊ आम्हाला न्यायला चौकात आले. पांढरेशुभ्र कपडे, दोन फोन, मागे चार कार्यकर्ते. त्यांनी आधी मिलिंदला हार घातला. “पायलटसाहेब, प्रवास कसा झाला?” मिलिंदने माझ्याकडे बोट दाखवलं. बंडूभाऊ क्षणभर थांबले, मग हार काढून माझ्या गळ्यात घातला. हार आता घामाने ओला होता.

तेलाची गोष्ट सांगितली, तेव्हा ते मनापासून हसले. “तेलाचं कायले टेन्शन घेता? तेल त तेलच असते.” त्यांचा एक माणूस म्हणाला, फवारणीच्या पंपाचं तेल टाका, त्याच्या शेतातला पंप दहा वर्षं त्यावरच चाललाय. मी म्हटलं, पंप तुमच्या पाठीवर असतो, तुम्ही पंपाला लटकलेले नसता. दुसऱ्याने जेसीबीचं इंजिनऑइल सुचवलं, कारण एवढं मोठं धूड त्यावर चालतं. औषधांच्या दुकानातून बाहेर आलेल्या एका गृहस्थांनी एरंडेल सांगितलं. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांत तेच घालत, हे खरं आहे. पण ते वेगळं, शुद्ध केलेलं असे. त्यांच्या हातातल्या बाटलीने पोट साफ झालं असतं, इंजिन नाही. कुणालाही प्रश्न विचारायची गरज वाटली नाही. टू-स्ट्रोक तेलाबद्दल मत नसलेला माणूस त्या चौकात मी एकटीच होते, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटावं.

मग पेट्रोल. बंडूभाऊंनी निवडणुकीच्या प्रचारापासून राखून ठेवलेला कॅन आणवला. “एकदम स्पेशल.” मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं ओतलं आणि उन्हात धरलं. तळाशी पाण्याचा थर बसला. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि फार दिवस ठेवलं की पाण्यासकट खाली बसतं.

“पाणी त थंडच करते ना इंजिनाले,” बंडूभाऊ म्हणाले. मी पंपावरून ताजं पेट्रोल घ्यायचं ठरवलं.

तेलासाठी दिग्रसला जावं लागलं. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) रस्त्यावर इरफानभाईंचं गॅरेज आहे. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली मातीच्या ट्रॅकवर पळवणारी पोरं त्यांच्याकडे येतात. भाई पन्नाशीचे, केस मेंदीने रंगवलेले. आपल्याइतका जाणकार मुंबईतसुद्धा नाही, हे त्यांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. आधी त्यांनी स्वस्तातलं तेल पुढे केलं. “धुवाँ मस्त निघते. धूर नाई निघाला त लोकायले वाटत नाई का गाडी चालू हाय.”

“मला धूर नको. उतरायचंय परत.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि फळीमागून एक बाटली काढली. मी वापरते त्याच दर्जाचं तेल होतं. पाव लिटरच्या आसपास उरलेलं, पण सील तोडलेलं.

“सील कुणी तोडलं?”

“मीच. माझ्या गाडीत टाकतो. दुसऱ्याले देत नाई.”

सीलबंद पण साधं तेल, की उघडलेलं पण चांगलं? मिलिंद म्हणाला, उघडलेल्या बाटलीवर विश्वास ठेवणं अशास्त्रीय आहे. मी म्हटलं, बंद समजून आणलेल्या बाटलीचं काय झालं ते आठव. तो बाहेर जाऊन जिनिंग बघत उभा राहिला.

भाईंनी न सांगता स्वतःची गाडी काढली, टाकीत तेच मिसळलं आणि मुठीने इंजिन असं ओरडायला लावलं की समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. बराच वेळ त्यांनी मूठ सोडली नाही. मग स्पार्क प्लग काढून फडक्यासकट माझ्या तळहातावर ठेवला. तपकिरी, कोरडा, कॉफीच्या रंगाचा. म्हणजे इंजिन तापत नव्हतं; मला तेवढं पुरे होतं. तेल एका टाकीपुरतंच होतं.

शंकरपटाच्या सकाळी मी मैदानाच्या कडेला ताजं पेट्रोल मोजून मिश्रण केलं आणि इंजिन जमिनीवरच चालवून बघितलं. पहिला प्लग पांढुरका निघाला, म्हणजे इंजिन तापत होतं. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जरा वाढवलं. मग प्लग तपकिरी झाला. वारा अडाण नदीकडून हलका येत होता. सगळं जमून आलं होतं. फक्त साहेब आले नव्हते.

ऊन चढत गेलं. इंजिन मिलिंदच्या भरवशावर ठेवून मी बंडूभाऊंबरोबर जेवायला गेले. रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी. रोडगा फोडून वर तूप ओतलं आणि मी इंजिन, साहेब सगळं थोडा वेळ विसरले. तेवढ्यात भोंगा वाजला, साहेबांच्या गाड्या दिसल्या आणि मी हात धुऊन पळत आले.

इंजिनाशेजारी बंडूभाऊंचे दोन कार्यकर्ते उभे होते आणि त्यांच्या पायाशी तोच स्पेशल कॅन.

“मॅडम, टाकी अर्धीच होती,” एक जण अभिमानाने म्हणाला. “मी फुल करून देल्ली. तेलबी टाकलं, जेसीबीतलं.”

मी मिलिंदकडे पाहिलं. तो सावलीत बसून कुणाला तरी इथेनॉल समजावत होता.

बंडूभाऊ धावत आले. “चला मॅडम, साहेब उतरून राह्यले.”

“मी उडणार नाही.”

“काहून? दोन मिनिटाचा त सवाल हाय.”

“दोन मिनिटांचाच आहे. त्यातल्या दुसऱ्या मिनिटाला मी तुमच्या मंडपात पडेन.”

त्यांनी हात जोडले. मग आवाज चढवला. माणसं जमली आणि एकाने म्हटलं, बाई घाबरली. मला ते लागलं. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, बांधावं पाठीवर आणि जावं. मी वाकले, नळी काढली आणि टाकी शेजारच्या एका रिकाम्या पिंपात मोकळी केली. इरफानभाईंचं तेल, ताजं पेट्रोल, स्पेशल पेट्रोल, जेसीबीचं तेल, सगळं एकत्र गेलं. आता कुणी काही म्हणू शकत नव्हतं, मीसुद्धा.

निवेदकाला हे कुणी कळवलं नाही. त्याच्या हातात कागद होता आणि तो कागदाशी प्रामाणिक राहिला. “आता आकाशातून विमान येत आहे,” तो गरजला. साहेबांनी हात जोडून मान वर केली. सगळ्या मैदानाने मान वर केली. “विमान आपल्या साहेबांना प्रदक्षिणा घालत आहे.” निळ्या आभाळात दोन घारी होत्या. तेवढ्यात बंडूभाऊंनी कुठून तरी जेसीबी मिळवला आणि त्याच्या बकेटमधून झेंडूचे ओले गठ्ठे साहेबांच्या खांद्यावर आदळले. टाळ्या झाल्या. मग बैलजोड्या सुटल्या आणि लोक खऱ्या कामाला लागले.

परतताना सकाळी दारव्ह्यात तर्री पोह्यांना (वर झणझणीत रस्सा घातलेले पोहे) थांबलो. टपावरची जाळी बघून शेजारचा, लाल फेटा बांधलेला एक म्हातारा म्हणाला, “कालचं विमान हेच काय?”

“हो, पण ते उडालं नाही.”

“असं कसं? म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. दोन चकरा मारल्या. खालून टाटा केला त वरून बाईनंबी केला.”

मी त्याला काय सांगणार? काल न उडण्यासाठी मी जितकी हिंमत एकवटली, तितकी उडण्यासाठी कधी लागली नव्हती, आणि अख्ख्या तालुक्यात त्याचा एकही साक्षीदार नव्हता. साहेबांना प्रदक्षिणा मिळाली, बंडूभाऊंना वर जाता आलं, म्हाताऱ्याला टाटा मिळाला. इतकी बिनचूक फेरी मी आजवर कधी मारलेली नाही.

“तुम्हीच होता का ते लाल फेटेवाले?” मी विचारलं.

“हो ना,” म्हातारा खुलला, आणि त्याने माझ्या पोह्यांवर स्वतःच्या हाताने आणखी तर्री घातली.