विल्माच्या अंगणातलं तिसरं झाड

विल्मा प्रुएटचं बँक्सियाचं दुसरं रोपही मेलं. ऑस्ट्रेलियात, जीलाँगमधल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना आधी कळलं, विल्माला शेवटी. पानं कडेनं करपली तरी ती रोज पाणी घालायची आणि आठवड्याला मूठभर कोंबडीखत.

घरापुढची जागा जेमतेम एक मोटार मावेल एवढी. तीस वर्षं तिथे तिचे गुलाब होते. पक्षाघातानंतर नवरा, क्लाइव्ह, पुढच्या खिडकीशी बसून राहू लागला. त्याला एकच हवं होतं, खाकरल्यासारखा ओरडणारा तो मध पिणारा पक्षी. गुलाबात त्या पक्ष्याला मध मिळत नाही. विल्माने सगळे गुलाब स्वतः उपटले आणि त्या जागी मधाळ फुलांचा बँक्सिया लावला.

"वर्ष झालं, बिचारा काटक्या बघतोय," असं म्हणत तिने मेलेलं रोप बादलीत कोंबलं. मी तिला गाडीने रोपवाटिकेत नेलं.

तिथल्या इंग्रिडने मुळं पाहिली. "खत काय घालता, विल्मा?"

"कोंबडीखत. गुलाबांना तीस वर्षं घातलंय."

"त्यानंच मेलं. बँक्सियाला निकस माती लागते. तुमच्या मातीत खतातलं स्फुरद इतकं साठलंय की अजून चार लावलेत तरी जातील."

"म्हणजे उपाशी ठेवायला हवं होतं?"

"हो."

"विकताना सांगायचं होतंस."

"कुंडीच्या चिठ्ठीवर होतं."

"चिठ्ठ्या वाचायला मी नवशिकी आहे का?"

इंग्रिडने लिलीपिली दाखवली. जांभळाच्याच कुळातली, खत सोसणारी. विल्माचं तोंड आणखी वाकडं झालं. "हे तर कुंपण. अख्ख्या गल्लीत कापून चौकोनी केलेलं."

"कापू नका. फुललं की पक्षी येतील."

"कधी?"

"दोन-तीन वर्षांत."

"क्लाइव्हकडे तेवढी आहेत का, विचारून सांगते," ती म्हणाली. मग तासभर कुरकुरत, माझ्या गाडीत कसंबसं मावेल असं सगळ्यात मोठं झाड तिने निवडलं.

दुपारी खड्डा मी खणला, चुका तिने काढल्या. झाड उभं राहिलं तसा उघड्या खिडकीतून क्लाइव्ह अडखळत म्हणाला, "कुंपण?"

"झाड आहे. गप्प बघ."

ती नळी धरून पाणी घालत राहिली. क्लाइव्हने काचेवर टकटक केली आणि हातानेच तिला बाजूला व्हायला सांगितलं.

"अजून काही आलेलं नाहीये त्यावर," विल्मा करवादली. पण सरकली.