मय राजाची मालगाडी

दौंडच्या रेल्वे कॉलनीत गणपतीला दरवर्षी नाटक व्हायचं. रेल्वेच्या संपानंतर ते बंद पडलं, कारण संपावर राहिलेले आणि कामावर गेलेले एका सतरंजीवर बसायला तयार नव्हते. मी पार्सल ऑफिसात कारकून. संपाची शपथ घेतली आणि आठवडा संपायच्या आत कामावर गेलो. शेजारचे आप्पा इंजिन ड्रायव्हर. ते शेवटपर्यंत संपावर राहिले, त्यांची नोकरी गेली आणि पुष्कळ खटपटीनंतर परत मिळाली. मला शिरूरहून आणून रेल्वेचा अर्ज भरायला लावणारे आणि क्वार्टर मिळेपर्यंत घरात ठेवून घेणारे हेच आप्पा. संपापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. आमचा नळ मात्र एकच होता.

पुढे नाटक पुन्हा करायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात मला मध्य अमेरिकेतला एक मय राजा सापडला. समुद्रापलीकडच्या जंगलात त्यानं खूप वर्षं राज्य केलं. शेजारच्या एका गादीवर त्यानं स्वतः आपला माणूस मांडलिक म्हणून बसवला. तो माणूस पुढे शत्रूला मिळाला, त्यानं राजाला पकडलं आणि मारलं. इतक्या लांबच्या राजामुळे कोणाचं मन दुखावणार नाही, असं मला खरंच वाटलं. गणपतीच्या कमिटीनं राजा कोणत्या समाजाचा, एवढंच विचारलं. मय लोक आपल्या जिल्ह्यात नाहीत, हे कळल्यावर परवानगी मिळाली.

राजा दरवर्षी आप्पाच असायचे, कारण त्यांचा आवाज इंजिनांच्या शेडपर्यंत जायचा. मांडलिकाचं काम मी स्वतःकडे ठेवलं. राजा आणि मांडलिकाचं बोलणं गरजेपेक्षा कितीतरी जास्त लिहिलं. निदान नाटकात तरी त्यांना माझ्याशी बोलावं लागेल, हा माझा हिशेब. तालमीत ते सगळी वाक्यं पाण्याच्या टाकीकडे बघून म्हणायचे. बाकी निरोप प्रॉम्प्टरमार्फत. मी हातभर अंतरावर उभा असताना ते त्याला म्हणायचे, "त्या मांडलिकाला सांगा, उजेडातनं बाजूला हो."

प्रयोगाच्या दिवशी ऐन दुसऱ्या अंकात कॉलमन आला. गाडीवर कोणाची पाळी लागली की त्याला घरून बोलावून आणायचं, हे त्याचं काम. नाटक चालू आहे म्हणून गाडी थांबत नाही. आधी त्यानं राजाचा सेनापती नेला, तो इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता. लोकांना वाटलं, सेनापतीही फुटला. मग कॉलमननं विंगेतून आप्पांना खूण केली. सेनापती ज्या मालगाडीवर गेला, तिचे ड्रायव्हर आप्पाच होते.

राजाला मारल्याशिवाय सोडता येत नव्हतं. मी दोर घेऊन पुढे झालो आणि त्यांचे हात बांधायला लागलो. कोंबड्याच्या पिसांचा मुकुट माझ्या डोळ्यांत जात होता. पुठ्ठ्याच्या त्या राज्यात आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून वाक्य म्हटलं.

"तू त्यांना का मिळालास?"

यावर मी मक्याचा दुष्काळ आणि देवांचा कोप असं लांबलचक भाषण लिहिलं होतं. ते मला आठवत होतं.

"घाबरलो, आप्पा," मी म्हणालो.

प्रॉम्प्टर घाईघाईनं पानं उलटायला लागला.

"मग तवाच म्हणायचं व्हतं तसं," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, तुला काय मोठं दिलं त्यांनी." मग आवाज उतरवून, "आता मार लवकर. माल लागलाय."

मी मारलं. पडदा पडायच्या आत राजा उठून शेडकडे गेला. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाडीवरून परतले आणि नळावर आले. तोंडाला अजून राजाचा निळा रंग होता, त्यावर कोळशाचा थर. माझी बायको तिथेच होती, पण त्यांनी तिच्यामार्फत निरोप दिला नाही.

"रंग निघंना," ते मला म्हणाले. "रॉकेल हाय का घरात?"

होतं तेवढं सगळं मी दिलं. त्या दिवशी आमचा स्टोव्ह पेटला नाही. जेवण आप्पांच्या घरून आलं.